आधी वर, मग पुढे : कमी लिटरच्या विंग फॉइल बोर्डवर सुरुवात कशी करावी

विंग फॉइलिंग म्हणजे हातात धरलेल्या, हवेने फुगवलेल्या विंगने वारा पकडायचा आणि बोर्डखालच्या फॉइलच्या, म्हणजे पाण्यातल्या पंखांच्या, आधाराने बोर्ड पाण्याबाहेर उचलून चालवायचा. मोठ्या बोर्डवर हा खेळ शिकलेला माणूस पहिल्यांदा छोट्या बोर्डवर गुडघे टेकतो, तेव्हा त्याच्या हातून बहुधा एकच चूक पुन्हा पुन्हा होते. बोर्ड पायांखाली बुडू लागला की तो घाईघाईने विंग ओढतो, विंग त्याला पुढे खेचते, बोर्ड मात्र पाण्यात असल्यामुळे तितक्या वेगाने पुढे सरकू शकत नाही, आणि तो तोंडावर आपटतो. असे आठ-दहा वेळा झाले की दंड भरून येतात आणि हा बोर्ड आपल्याला झेपणारा नाही, अशी समजूत होते. वास्तविक अडचण ताकदीची नसते, तोल सांभाळण्याचीही फारशी नसते. ती क्रमाची असते. छोट्या बोर्डवर विंगचे पहिले काम तुम्हाला वर उचलण्याचे आहे आणि पुढे नेण्याचे काम त्यानंतरचे आहे. पुढे जे काही सांगितले आहे, ते सगळे या एका क्रमाला धरून आहे.

लिटर आणि किलो यांचा हिशेब

बोर्डवर लिहिलेले लिटर म्हणजे त्याचे आकारमान. एक लिटर आकारमान पूर्ण पाण्याखाली गेले की ते साधारण एक किलो वजन तोलून धरते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याहून किंचित जास्त, सुमारे 1.025 किलो. आता 75 किलो वजनाच्या माणसाचे उदाहरण घेऊ. ओला वेटसूट, जॅकेट आणि हातातली विंग मिळून पाच किलो आणि बोर्डसह फॉइल दहा किलो धरले, तर एकूण भार 90 किलो होतो. बोर्ड 55 लिटरचा असेल, तर तो यातले सुमारे 55 किलो तोलतो. उरलेले 35 किलो कोण तोलणार?

यातला मोठा वाटा तुमचे स्वतःचे शरीर उचलते. मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे जो भाग पाण्यात बुडतो त्याचे वजन बोर्डवर जवळजवळ पडतच नाही. दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग होतो. म्हणजे गुडघ्यांवर बसून कमरेपर्यंत पाणी आले की 24-25 किलोचा भार आपोआप कमी होतो. उरतात दहा-अकरा किलो, आणि तेवढी उचल डोक्यावर धरलेल्या विंगकडून मिळू शकते. ढोबळ हिशेबाने 5 चौरस मीटरची विंग 20 नॉट वाऱ्यात, म्हणजे ताशी 37 किलोमीटरच्या वाऱ्यात, चांगल्या कोनात आडवी धरली तर 25 ते 30 किलोची उचल देऊ शकते. मात्र ही उचल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वारा 20 वरून 14 नॉटवर आला की ती निम्मी होते. कालच्या वाऱ्यात सहज उठलेला माणूस आज थोड्याशा कमी वाऱ्यात का अडकून पडतो, याचे उत्तर याच निम्मेपणात आहे.

या हिशेबावरून बोर्डची निवडही ठरवता येते. तुमच्या वजनाच्या किलोइतक्या लिटरचा किंवा त्याहून पाच-दहा लिटर कमी असलेला बोर्ड तुम्हाला नेहमीच्या पद्धतीने, थोडी जास्त काळजी घेऊन, सुरू करता येईल. दहा ते वीस-पंचवीस लिटर कमी असलेला बोर्ड गुडघ्यांवर बसताच पूर्ण पाण्याखाली जाईल आणि त्यासाठी वेगळे तंत्र लागेल. याहूनही छोटा बोर्ड चांगला, भरवशाचा वारा असेल तरच वापरावा. 100 लिटरवरून एकदम 50 लिटरवर उडी मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दर टप्प्याला दहा-पंधरा लिटर कमी करत गेल्यास शरीर नवी सवय लावून घेते आणि मनातली भीतीही वाढत नाही.

पाण्यात जाण्यापूर्वी

शिकण्याच्या दिवशी विंग नेहमीपेक्षा एक माप मोठी घ्यावी आणि फॉइलचा पुढचा पंखही मोठा असावा. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असल्यामुळे फॉइलला थोडा वेग मिळाला तरी पुरतो, पण तो थोडा वेग मिळवणे हेच बुडलेल्या बोर्डवर सर्वांत अवघड असते. एकूण 90 किलोचा भार उचलायला 1000 चौरस सेंटिमीटरच्या पंखाला ताशी साधारण 17 किलोमीटर वेग लागतो. 1500 चौरस सेंटिमीटरचा पंख तेच काम 14 किलोमीटरच्या आसपास करतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण पाण्यात तोच यश आणि दमछाक यांच्यामधला फरक ठरतो.

मास्ट, म्हणजे फॉइलचा उभा दांडा, बोर्डच्या खाचेत कुठे बसवला आहे, तेही पाहावे. तो एखादा सेंटिमीटर पुढे घेतला की पुढचे टोक लवकर उचलले जाते. फार पुढे घेतला तर मात्र फॉइलवर आल्यानंतर बोर्ड अचानक वर उसळतो, म्हणून हा बदल एका वेळी एक सेंटिमीटर इतकाच करावा.

लीशकडे, म्हणजे बोर्ड शरीराला बांधून ठेवणाऱ्या दोरीकडे, विशेष लक्ष द्यावे. मोठ्या बोर्डवर लीश पाण्यावर पडून राहते आणि दिसत असते. बुडलेल्या बोर्डवर ती पाण्याखाली तरंगते आणि उभे राहताना नेमकी पायाखाली येते. बोर्डची लीश घोट्याला बांधण्यापेक्षा कमरेच्या पट्ट्याला मागच्या बाजूला अडकवली तर हा त्रास बराच कमी होतो. हेल्मेट आणि मार झेलणारे जॅकेट हवेच, कारण या पडण्यांमध्ये फॉइल शरीराच्या अगदी जवळ असते.

पाण्याच्या खोलीचा विचार अनेक जण विसरतात. मास्ट 80-85 सेंटिमीटरचा असेल आणि बोर्ड तुम्हाला घेऊन आणखी अर्धा मीटर खाली जाणार असेल, तर छातीभर पाण्यात फॉइल तळावर आपटेल. जागा किमान दोन मीटर खोल असावी. वारा किनाऱ्याला समांतर किंवा किनाऱ्याकडे तिरपा वाहणारा असावा. किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे वाहणाऱ्या वाऱ्यात छोट्या बोर्डचा सराव कधीही करू नये.

गुडघ्यांवरून सुरुवात

ही मूळ पद्धत आहे आणि बाकीच्या दोन्ही पद्धती हिच्यातूनच निघतात, म्हणून हिच्यावर सर्वाधिक वेळ घालवावा.

बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवून तुम्ही वारा जिकडून येतो त्या बाजूला राहावे. विंग पलीकडे, वारा जिकडे जातो त्या बाजूला पाण्यावर असावी. एका हाताने विंगचे पुढचे हँडल किंवा हवा भरलेली पुढची कड धरून ठेवावी आणि दुसऱ्या हाताने बोर्डची पलीकडची कड पकडावी. मोठ्या बोर्डवर आपण चढतो. छोटा बोर्ड मात्र आपल्या खाली ओढून घ्यायचा असतो. बोर्ड थोडा कडेवर कलवून पाण्यात दाबावा, एक गुडघा त्याच्या मध्यरेषेजवळ सरकवावा आणि मग दुसरा. हे करताना पाय मागे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तरंगते ठेवावेत. ते खाली लोंबकळू दिले तर फॉइलच्या कडा त्यांना लागतात.

गुडघे कुठे टेकायचे, हे आधी जमिनीवरच ठरवावे. फॉइल काढलेला बोर्ड गादीवर ठेवून उभे राहावे, पाय जिथे येणार ती जागा पाहावी आणि शरीराचा मध्य मास्टच्या किंचित पुढे येईल अशा बेताने गुडघ्यांची जागा नक्की करावी. तिथे डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, रंगीत टेपची एक पट्टी चिकटवली तर पाणी गढूळ असले तरी बोटांनी चाचपून ती जागा सापडते. पाण्याखाली बोर्ड दिसत नाही, त्यामुळे ही पट्टी फार उपयोगी पडते.

आता बोर्ड खाली जाईल. जाऊ द्यावा. पाणी मांड्यांवर येईल, मग कमरेपर्यंत, आणि तिथे बुडण्याचा वेग मंदावेल. हा क्षण नवख्याला सर्वांत भीतिदायक वाटतो, पण तोच सर्वांत स्थिर असतो. पूर्ण बुडालेला बोर्ड पृष्ठभागावरच्या बारीक लाटांनी हलत नाही, आणि खालचे फॉइल व मास्ट पाण्यात रोवल्यासारखे प्रत्येक हालचालीला विरोध करतात. अर्धवट तरंगणारा बोर्डच जास्त डगमगतो. म्हणून इथे थांबावे. विंग पुढच्या हाताने डोक्यावर झेंड्यासारखी फडकत ठेवावी, दोन-तीन सावकाश श्वास घ्यावेत, आणि पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा जरासे वर आहे ना, ते कमरेच्या हालचालीने जुळवावे. टोक खाली जात असेल तर कंबर इंचभर मागे न्यावी; मागची बाजू खचत असेल तर पुढे आणावी. पाण्याखाली बोर्ड सावकाश प्रतिसाद देतो, म्हणून दुरुस्तीही छोटी करावी आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत थांबावे.

बोर्ड वाऱ्याला आडव्या दिशेपेक्षा थोडा, वीस-तीस अंश, वारा जातो त्या बाजूला वळलेला असावा. मग मागचा हात हँडलवर आणून विंग हलकेच वाऱ्यात भरावी, पण ती डोक्यावर जवळजवळ आडवी ठेवूनच. जोराच्या वाऱ्यात डोक्यावर धरलेली छत्री वर खेचली जाते, नेमका तसा ओढा हातांना जाणवला पाहिजे. ओढा पुढे किंवा बाजूला जाणवत असेल, तर विंग जास्त उभी झाली आहे. या टप्प्यावर गुडघ्यांखालचा दाब कमी होऊ लागतो आणि बोर्ड तुमच्यासह हळूहळू वर येऊ लागतो. वाऱ्याचा झोत येण्याची वाट पाहून हे केले तर निम्मे कष्ट वाचतात. झोत पाण्यावर आधी दिसतो: गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा तुमच्याकडे सरकत येतो. तो पोहोचण्याच्या क्षणभर आधी विंग भरायला घ्यावी.

बोर्डचे पुढचे टोक पाण्याबाहेर येते तो क्षण ओळखायला शिकणे, हे या सगळ्या तंत्राचे मर्म आहे. आधी डेकवरून पाण्याचा पातळ थर मागे सरकताना दिसतो, मग टोकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी फाकते आणि इतका वेळ जड लागणारा बोर्ड एकदम मोकळा झाल्यासारखा वाटतो. कारण साधे आहे: बुडलेल्या बोर्डला वरून आणि खालून दोन्हीकडून पाण्याचा अडथळा होतो, पृष्ठभागावर येताच तो अडथळा कमी होतो. आता, आणि आताच, विंग थोडी उभी करून पुढे ओढू द्यावी. हेच दोन सेकंद आधी केले असते तर तुम्ही तोंडावर पडला असता.

उभे राहण्याची वेळही याच क्षणानंतरची. बोर्ड सरकू लागला की तो स्थिर होतो, जशी चालती सायकल उभ्या सायकलीपेक्षा स्थिर असते. विंगला एक छोटा, वरच्या दिशेचा पंप, म्हणजे उचल वाढवणारा हेलकावा, द्यावा आणि त्या पंपाने भार हलका झालेला असतानाच पुढचा पाय गुडघ्याच्या जागी आणावा. दुसऱ्या पंपावर मागचा पाय. पाय ठेवताना खाली बघू नये. मान खाली गेली की खांदे पुढे जातात आणि खांद्यांमागून टोक पाण्यात जाते. घाईने एका दमात उठण्यापेक्षा दोन हालचालींमध्ये सावकाश उठणे नेहमीच चांगले. उठताना बोर्ड पुन्हा बुडला तरी हरकत नाही. गुडघे वाकवून खाली जावे, विंग परत डोक्यावर आडवी घ्यावी आणि उचल मिळू द्यावी.

वारा कमी असताना : स्टिंकबग

विंगला दहा किलोही उचलता येत नसतील, तर गुडघ्यांवर बसून वाट पाहण्यात अर्थ नाही. अशा वेळी वापरायच्या पद्धतीला जगभरातले फॉइलर स्टिंकबग म्हणतात, कारण तीत माणूस पार्श्वभाग वर काढणाऱ्या किड्यासारखा दिसतो. विंग समोर पाण्यावर ठेवायची, तिची हवेने फुगलेली पुढची कड आधाराला घेऊन एक हात तिच्यावर आणि गरज वाटल्यास दुसरा हात बोर्डच्या डेकवर टेकवायचा, आणि गुडघ्यांच्या जागी आधी पुढचे, मग मागचे पाऊल आणायचे. आता तुम्ही ओणवे आहात, पाय बोर्डवर आहेत आणि बोर्ड बराच खोल आहे. इथून कंबर पायांच्या वर आणत सरळ व्हायचे आणि त्याच हालचालीत विंग पाण्यावरून उचलून डोक्यावर न्यायची.

उभे राहिल्यावर पाणी मांड्यांपर्यंत किंवा कमरेपर्यंत असेल. ते योग्यच आहे. पाण्यातले पाय भार कमी करत आहेत. या पद्धतीचा मोठा फायदा असा की झोत येतो तेव्हा तुम्ही आधीच उभे असता आणि त्याचा प्रत्येक क्षण वेग मिळवण्यासाठी वापरता येतो. तोटा असा की उभ्या शरीराचा तोल विंगच्या फार थोड्या आधारावर सांभाळावा लागतो. माझ्या अनुभवात इथे गुडघे सैल ठेवणे आणि वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवणे, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या की निम्मी पडझड थांबते. सराव करताना सुरुवातीला विंग उचलूच नये. नुसते पाय आणून पाच सेकंद ओणवे राहता येते का, ते पाहावे.

वारा जोराचा असताना : पट्ट्यांमधून सुरुवात

बोर्ड फारच छोटा आणि वारा दमदार असेल, तर पाण्यात पाठीवर रेलून, पाय आधीच फूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या पावलांच्या पट्ट्यांमध्ये, घालून उठता येते. बोर्ड समोर कडेवर उभा असतो, विंग डोक्यावर असते आणि ती भरताच शरीर पाण्यातून बाहेर ओढले जाते. काइटसर्फिंग किंवा विंडसर्फिंग केलेल्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. उठताना गुडघे छातीशी घेऊन बोर्डवर गोळा व्हावे. पाय ताठ केले तर बोर्ड दूर ढकलला जातो. फूटस्ट्रॅप मात्र सैल असावेत, इतके की पडताना पाऊल विनासायास सुटले पाहिजे. कमी वाऱ्यात या पद्धतीवर ताकद खर्च करू नये.

पृष्ठभागावर आल्यावर फॉइलवर येणे

उभे राहिलात म्हणजे काम झाले असे नाही. छोटा बोर्ड आखूड असल्यामुळे त्याला पृष्ठभागावर धावायला फार लांबी मिळत नाही. त्याला पंप करूनच वर काढावे लागते. विंगचा पंप म्हणजे हात झटकणे नव्हे. विंग थोडी पुढे-वर न्यावी आणि मग दोन्ही हातांनी खाली-मागे, संपूर्ण पाठीच्या बळाने ओढावी. विंग खाली येत असताना पाय हलके होतात. त्याच वेळी गुडघे किंचित वर घेतले की बोर्डही वर येतो. हा ठेका जमला की तीन-चार पंप पुरतात. आठ-दहा पंपांनीही बोर्ड सुटत नसेल तर थांबावे, श्वास घ्यावा आणि पुढच्या झोताची वाट पाहावी. थकलेले दंड वारा असूनही उठू देत नाहीत.

मागच्या बाजूने येणारी लाट हा तर फुकट मिळणारा धक्का आहे. ती बोर्डच्या मागच्या टोकाखाली शिरत असताना बोर्ड वारा जातो त्या दिशेला थोडा अधिक वळवावा आणि पंप तिच्या उतारावर द्यावेत. पंप करताना मागच्या पायावर जोर देण्याचा मोह टाळावा. टोक हवेत उभे राहते, फॉइलचा कोन वाढून पकड सुटते आणि बोर्ड पुन्हा मागून बुडू लागतो.

वारा पडला तर

छोट्या बोर्डची खरी परीक्षा इथे होते, कारण मोठ्या बोर्डवर गुडघ्यांवर बसून किनारा गाठता येतो आणि इथे ते जवळजवळ अशक्य असते. म्हणून परतीचा सराव पहिल्याच दिवशी, वारा चांगला असताना आणि किनारा जवळ असताना करून ठेवावा. बोर्डवर पोटावर झोपावे. विंग उलटी करून बोर्डच्या पुढच्या टोकावर किंवा मागे पायांवर टाकावी आणि दोन्ही हातांनी वल्हवावे. बोर्ड पृष्ठभागाखाली राहील, छाती पाण्यात असेल, पण जॅकेट तरंगवत राहील आणि तुम्ही सावकाश पुढे सरकाल. विंग वाऱ्याने उडत असेल तर तिच्या पुढच्या कडेतली हवा कमी करून ती गुंडाळावी. मधल्या नळीतली हवा मात्र ठेवावी, म्हणजे ती तरंगत राहते. बोर्ड कधीही सोडू नये. तुमच्या जोडीला पाण्यात दुसरे कोणी असावे, आणि तुम्ही किती वाजता परत येणार, हे किनाऱ्यावर एकाला तरी माहीत असावे.

निघण्याची मर्यादाही वाऱ्यावरून आधीच ठरवावी. गुडघ्यांवर बसून विंग डोक्यावर आडवी भरल्यावर सलग तीन झोतांत बोर्डचे टोक पाण्याबाहेर आले नाही, तर त्या दिवशी तो बोर्ड किनाऱ्यावर ठेवावा आणि मोठा बोर्ड घेऊन जावे.